कसूर पाण्याची, शिक्षा हीटरला

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, जिथे मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच काय तो पोहण्याचा खरा हंगाम असतो, तिथे परसातल्या तलावाचे पाणी तापवणारा गॅसचा हीटर ही निव्वळ चैनीची वस्तू नसून, तलावावर वर्षभर होणारा खर्च सत्कारणी लागावा म्हणून केलेली तजवीज असते. आणि म्हणूनच तो ऐन हंगामात बंद पडला की मालकाचा धीर सुटतो, कारागीर सांगेल तो भाग बदलण्यास तो राजी होतो, आणि हा भाग निकामी झालाच कशामुळे, हा जो पहिला प्रश्न, तो विचारायचाच राहून जातो.

आम्ही घेतलेल्या जुन्या घराबरोबर आलेला हीटर ताशी ४,००,००० बीटीयू क्षमतेचा होता. वीस हजार गॅलनांच्या तलावाचे पाणी एक अंश फॅरनहाइटने चढवायला सुमारे १,६७,००० बीटीयू उष्णता लागते, आणि अशा हीटरची सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी उष्णता धुरावाटे वाया जाते हे जमेस धरले, तरी ताशी दोन अंशांच्या आसपास पाणी चढायला हवे होते. आमच्या हीटरचा शिरस्ता निराळा होता: पेटावे, काही मिनिटे धगधगावे, आतून ठोके ऐकू यावेत आणि विझून जावे; थोड्या वेळाने पुन्हा पेटावे, पुन्हा विझावे. देखभालीचा करार ज्यांच्याकडे होता त्यांच्या कारागिराने प्रथम ज्वाला पेटवणारा इग्नायटर बदलला, तो पुन्हा गेला म्हणून पुन्हा बदलला, आणि अखेरीस, आम्हाला एका शब्दाने न सांगता, पाणी मर्यादेबाहेर तापले असता गॅस तोडणाऱ्या हाय-लिमिट स्विचची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून तो निघून गेला. त्यानंतर हीटर विझेनासा झाला खरा; पण आतले ठोके वाढले, आणि बर्नरच्या दारावरच्या पत्र्यावर काजळीचा पट्टा उमटू लागला.

मग ज्या वयोवृद्ध, परवानाधारक कारागिराला आम्ही बोलावले, त्याने हीटरला हात लावण्यापूर्वी तलावाच्या पायऱ्या पाहिल्या. त्यांच्यावर निळसर हिरवे डाग होते, आणि ते शेवाळाचे नसून तांब्याचे होते. त्या तांब्याचा माग काढीत तो नळांपर्यंत गेला, तेव्हा असे आढळले की क्लोरीनच्या गोळ्यांचा क्लोरिनेटर पूर्वी कोणी तरी फिल्टर आणि हीटर यांच्या मध्येच बसवून ठेवला होता. या गोळ्यांचे द्रावण तीव्र आम्लधर्मी असते. त्याचा सामू तीनच्याही किंचित खाली जातो. पंप बंद असताना ते द्रावण नळात साचते, आणि पंप सुरू होताच थेट हीट एक्स्चेंजरच्या तांब्याच्या नळ्यांत शिरते. आमच्या हीटरमध्ये त्याने नळ्या झिजवून पातळ केल्या होत्याच, शिवाय पाण्याची वाटणी करणाऱ्या अंतर्गत बायपास झडपेची स्प्रिंगही खाऊन टाकली होती. त्यामुळे झडप मिटेना. बहुतेक पाणी नळ्यांना बगल देऊन परस्पर तलावाकडे परतू लागले, आणि जे थोडे नळ्यांत जाई ते तिथेच उकळू लागले. ठोके होते ते त्या उकळीचे. हाय-लिमिट स्विच आपले कर्तव्य चोख बजावीत गॅस तोडत होता, आणि दर खेपेस तापून निवणारा इग्नायटर त्या हेलपाट्यांनी तडकत होता. जे दोन भाग बदलले गेले किंवा गप्प केले गेले, ते दोन्ही निर्दोष होते.

तारेच्या त्या तुकड्याविषयी मला अधिक बोलले पाहिजे, कारण माझ्या मते तो सर्व प्रकरणातला एकमेव अक्षम्य भाग होय. झिजलेल्या नळ्यांतून ठिबकणारे पाणी बर्नरवर पडते, नळ्यांभोवतीच्या पंखांच्या फटी काजळीने बुजतात, धुराला वर जायला वाट उरत नाही, आणि अपुऱ्या दहनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंधहीन विषारी वायू निर्माण होतो. १९७७ साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला टेनिसपटू व्हायटस गेरुलायटिस सप्टेंबर १९९४ मध्ये लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन येथे एका मित्राच्या तलावाशेजारील पाहुणघरात झोपला असता मरण पावला, तो चुकीच्या रीतीने बसवलेल्या तलाव-हीटरमधून आत शिरलेल्या याच वायूमुळे. त्याचे वय चाळीस वर्षांचे होते. म्हणून ज्या घरी असा हीटर आहे तिथे झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म असलाच पाहिजे. आणि कोणताही संरक्षक स्विच तारेने जोडलेला दिसला, तर हीटर तत्क्षणी बंद करून तो जोडणाऱ्या माणसाचे पाऊल पुन्हा आपल्या आवारात पडू देऊ नये.

दुरुस्तीस आरंभ करण्याचा क्रमही याच विचाराने ठरतो. आधी पाणी तपासावे: सामू ७.२ ते ७.८, एकूण क्षारता दशलक्ष भागांत ८० ते १२०, कॅल्शियमचे काठिण्य २०० ते ४०० भाग. मग फिल्टर साफ करावा, कारण तुंबलेल्या फिल्टरमुळे प्रवाह घटतो आणि प्रेशर स्विच रास्तपणे हीटर पेटू देत नाही. तिथेही पुष्कळदा बिचारा स्विचच बदलला जातो. हीटर उघडण्यापूर्वी गॅसची तोटी आणि विजेचा ब्रेकर ही दोन्ही बंद हवीत. बर्नरच्या छिद्रांत कोळ्यांनी जाळी केली आहेत का, हे वसंतात अवश्य पाहावे. पिवळी, आळसावलेली ज्योत त्या जाळ्यांमुळेही असू शकते. गॅसचा दाब मॅनोमीटरने मोजून नामपट्टीवरील आकड्याशी ताडून पाहणे, आणि गॅसचा कोणताही सांधा सोडवणे, ही कामे परवानाधारकाचीच. सांध्यांची गळती मात्र साबणाच्या पाण्याने आपल्यासमक्ष तपासून घ्यावी. नवा इग्नायटर उघड्या बोटांनी हाताळू देऊ नये, आणि एक्स्चेंजर बदलताना जुने गॅस्केट पुन्हा वापरण्याची काटकसर नामंजूर करावी. तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या अधिक टिकतात हे खरे, पण आम्लापुढे त्याही फार काळ तग धरीत नाहीत; म्हणून आमच्याकडे नवा एक्स्चेंजर बसण्यापूर्वी क्लोरिनेटर हीटरच्या पलीकडे हलवला गेला, आणि दोहोंमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसली.

हंगाम संपला की हीटरमधले पाणी पूर्णपणे काढावे लागते, कारण इथल्या हिवाळ्यात आत राहिलेले पाणी गोठून नळ्या आणि त्यांची टोके फोडते. तळाचे प्लग सारेच काढतात. प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळी मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, तीही सोडवून रिकामी करावी. काढलेले प्लग पंपाच्या टोपलीत ठेवावेत, म्हणजे वसंतात ते जागच्या जागी न बसवता पंप सुरू होण्याची भीती राहत नाही.