उघड्या आराखड्याचे सर्किट
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने सर्किटवर लेख द्यावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. माझे विषय मराठी आणि अर्थशास्त्र. दहावीनंतर विज्ञान घ्यावे की काय, हे विचारायलाच घरात कोणी नव्हते, कारण कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. तरीही हा विषय माझ्याकडे आला तो आईच्या हातांतून.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीत झाली. त्या इस्टेटीतल्या एका लहानशा कारखान्यात आई चौदा वर्षे पीसीबीवर सोल्डरिंग करीत होती. सकाळची लोकल डोंबिवलीहून, संध्याकाळची परत. पीसीबी म्हणजे रेडिओत, मिक्सरच्या पोटात किंवा लिफ्टच्या पेटीत दिसणारी ती हिरवी पाटी. काचतंतूंच्या साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर तांब्याचा पातळ थर असतो, बहुधा ३५ मायक्रॉनचा. नको तेवढे तांबे रसायनाने खाऊन टाकायचे. उरते त्या रेषा म्हणजेच तारा. पूर्वी प्रत्येक तार हाताने ओढून जोडावी लागे. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने लंडनमध्ये १९३०च्या दशकात छापील सर्किटाची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि तो व्याप कमी झाला.

आईला कुठला भाग कुठल्या भोकात बसवायचा हे डोळे मिटून येत असे. पण ती पाटी नेमकी काय करते, हे तिला कोणी सांगितले नाही. ड्रॉइंग गिऱ्हाईक कंपनीचे. संध्याकाळी ते कपाटात कुलपाखाली जाई. मग एके वर्षी गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे दिले आणि कारखाना बंद पडला. ड्रॉइंगे परत गेली. आई घरी आली ती एक चिमटा आणि जुनी सोल्डरिंग गन घेऊन. चौदा वर्षांच्या कामाचा कागद म्हणून तिच्यापाशी काही उरले नाही.

ही गोष्ट माझ्या मनात घर करून होती. म्हणूनच ‘मुक्त हार्डवेअर’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी कान टवकारले. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आधी सांगते. तांबे, रेझिस्टर, डाख यांना पैसे पडतातच. मुक्त असतो तो आराखडा. कोणीही तो पाहावा, बदलावा, त्यावरून वस्तू करावी आणि विकावीही. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली निघालेला आर्डुइनो हा बोर्ड याचे प्रसिद्ध उदाहरण. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेने २०११ साली हार्डवेअरसाठी खास परवानाही तयार केला.

पण आराखडा उघडा ठेवूनही तो उघडायला महागडे सॉफ्टवेअर लागत असेल, तर त्या उघडेपणाचा माझ्यासारखीला काय उपयोग? म्हणून हत्यारेही मुक्त हवीत. त्यांतले मुख्य हत्यार कीकॅड. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे शिकवणाऱ्या झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली ते एकट्याने लिहायला घेतले. २०१३ पासून सर्ननेही त्यात हातभार लावला. आज लहान कार्डापासून अनेक थरांच्या पाटीपर्यंत सर्व काही त्यावर काढता येते. त्याची फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे कालच्या आणि आजच्या प्रतीत काय बदलले हे ओळीओळीने ताडून पाहता येते.

आपल्या लोकलच्याच वाटेवर याचे एक ठिकाण आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कांजूरमार्गला उतरले की पवईची आयआयटी जवळ. तेथील फॉसी या प्रकल्पाने ईसिम नावाचे साधन तयार केले. आरंभी त्याचे नाव ऑस्कॅड होते. कीकॅडचे चित्र आणि एनजीस्पाइसचे गणित त्यात एकत्र येते, म्हणजे पाटी करण्याआधीच सर्किट चालेल की नाही हे पडद्यावर पाहता येते. एनजीस्पाइसचे मूळ स्पाइस हा प्रोग्रॅम. तो कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात तयार झाला, आणि विद्यापीठाने तो मागेल त्याला दिला. तेथून इथवर अशी ही वाटत-वाटत आलेली पुंजी आहे. त्याच आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात अशा साधनांचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजातही आहेत. मी मामेभावाच्या जुन्या संगणकावर त्यांवरूनच शिकले. पाठ जुन्या आवृत्तीचे, माझ्याकडची आवृत्ती नवी. पाठात जिथे बटण दिसे तिथे माझ्या पडद्यावर भलतेच काही असे. दोन रविवार त्यातच गेले.

करायचे काय हे ठरलेलेच होते. आमच्या चाळीच्या टाकीत पाणी ठराविक वेळी येते आणि पंप बंद करायला कोणी नसले की गच्चीवरून धबधबा. त्यावर एक सूचक करायचा. टाकीच्या वरच्या कडेला दोन तारा सोडायच्या. पाणी दोन्हींना टेकले की त्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. तो ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला की ट्रान्झिस्टर तो शंभर-दोनशे पट करतो, दिवा लागतो आणि बझर वाजतो. वीज जुन्या मोबाइल चार्जरची, पाच व्होल्ट.

कीकॅडमध्ये आधी खुणांचे चित्र काढायचे. त्याला स्कीमॅटिक म्हणतात. त्यात भाग कुठे बसतो याला महत्त्व नाही, कोण कोणाला जोडले आहे एवढेच खरे. मग प्रत्येक खुणेला फूटप्रिंट द्यायचा, म्हणजे त्या भागाच्या पायांची खरी मापे आणि भोके. शेवटी पाटीवर भाग मांडून रेषा ओढायच्या. त्यानंतर संगणक नियम तपासतो: दोन रेषा फार जवळ आल्या का, कुठली जोडणी राहिली का. माझ्या पाटीवर त्याने शून्य चुका दाखवल्या. मी हुरळून गेले.

लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची पाटी आणि सुटे भाग आणले. झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर छापून घेतले, इस्त्रीने छाप उठवला, फेरिक क्लोराइडमध्ये तांबे खाल्ले. (हे द्रावण मोरीत ओतू नये. डोंबिवलीच्या नाल्यांनी आजवर पुष्कळ सोसले आहे.) आईने सोल्डरिंग केले. तारा पेल्यात बुडवल्या. दिवा नुसता मिणमिणला, बझर गप्पच.

मी जोडण्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. आईने मात्र पाटी उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “अगं, हा बीसी ५४७ ना? आमच्याकडे हा असा नव्हता बसत. चपटी बाजू फिरव.”

तिचे बरोबर होते. मी कीकॅडच्या संग्रहातून पहिलाच दिसलेला सर्वसाधारण ट्रान्झिस्टर उचलला होता. त्याच्या पायांचा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५४७ चा नेमका उलटा. बेस मधलाच असल्यामुळे उलटा बसूनही तो थोडाफार चालतो, पण वाढ जवळजवळ होत नाही. म्हणून दिवा मिणमिणला. जोडण्या माझ्या चित्राप्रमाणेच होत्या, चित्रच चुकले होते. संगणक अंतरे मोजतो, हेतू ओळखत नाही. आईने ट्रान्झिस्टर काढून अर्धा फेरा दिला आणि बझर असा ओरडला की शेजारच्या काकू दारात आल्या.

त्या रात्री मी फाइल दुरुस्त केली, आणि चित्राच्या कोपऱ्यात टीप घातली: ‘बीसी ५४७ची चपटी बाजू तारांकडे.’ दुरुस्ती सुचवणारी म्हणून खाली आईचे नाव घातले. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली. मग तिने विचारले, “हे असं उघडं ठेवलंस, आणि कोणी करून विकलं तर?”

प्रश्न सोपा नाही. विकू शकतो, आणि आपल्याला एक पैसाही न देता. मी सर्नच्या परवान्याचा असा प्रकार निवडला आहे की त्यात बदल करून वस्तू विकणाऱ्याला आपला बदललेला आराखडाही उघडा करावा लागतो. पण परवान्याचा आधार मुख्यतः आराखड्यावरच्या लेखाधिकाराचा. माझे चित्र न घेता कोणी तेच सर्किट नव्याने काढले तर त्याला कोण अडवणार? अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात फसवे काही वाटत नाही, तोटा मात्र दिसतो. मी आईला तेवढेच सांगितले. ती म्हणाली, “असू दे. ड्रॉइंग तरी आपल्याकडे राहील.”

सूचक टाकीवर बसून चार महिने झाले. एकच तक्रार आहे. तारांतून सारखा एकाच दिशेने प्रवाह जात असल्यामुळे पाण्यातले तांबे हिरवे पडून झिजते. आता तारांऐवजी स्टीलचे स्क्रू लावायचे आहेत, त्यासाठी पाटीवरची दोन भोके मोठी करावी लागतील. कल्याणच्या मावशींनी त्यांच्या इमारतीसाठी फाइल मागितली आहे. त्यांना ती भोके मोठी केल्यावरच देणार आहे.