बाईचं रक्त आणि बाईचा शब्द

शहापूर-मुरबाडच्या वाड्या-वस्त्यांत महिलांच्या बैठकीला आम्ही बसतो, तेव्हा "मला आजार आहे" असं सहसा कुणी म्हणत नाही. "चक्कर येते", "हंडा घेऊन चढ चढताना दम लागतो", "छातीत धडधडतं" असं सांगतात आणि लगेच म्हणतात, "बाईच्या जातीला हे असायचंच."

मायबहिणींनो, हे असायचंच नाही. पुष्कळदा हा रक्तक्षय असतो, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० महिलांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता.

गोळ्या आहेत, मग रक्त का वाढत नाही?

लोहाची गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. पण ताटात काय पडतं, हे गोळी ठरवत नाही. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. कालवण संपलेलं असतं, मग भात आणि उरलेला रस्सा. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ते पाणी डोक्यावरून आणते ती बाईच. लावणी असो की वीटभट्टी, दिवस भरत आले तरी काम सुटत नाही. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, आणि दवाखान्यात जायचं तर घरच्यांची परवानगी. रक्त कमी होण्याची ही कारणं गोळीच्या पाकिटावर लिहिलेली नसतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. आईची तब्येत ही तिची एकटीची बाब नाही, हा विचार आपल्या घरात तरी उतरला आहे का?

जामखेडने काय दाखवलं?

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावागावांतून बायका निवडून त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. कितीतरी जणी शाळेत न गेलेल्या होत्या, कितीतरी दलित होत्या. त्या बाळंतपण करायला, मुलांची वजनं घ्यायला, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच हाती सवर्णांच्या घरची बाळंतीण आली. पाण्याच्या बोअरही दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागलं. बालमृत्यू घटले ते नुसत्या औषधाने नव्हे. बाईला ज्ञान मिळालं, त्या ज्ञानाने गावात मान मिळाला, आणि मान मिळाल्यावर तिचं सांगणं लोक ऐकू लागले. २००५ नंतर आलेली आपली आशाताई याच वाटेवरची आहे.

आपण काय करायचं?

१. तपासणी. हिमोग्लोबिन किती, हा आकडा प्रत्येकीला पाठ हवा. बाईला १२ च्या खाली आणि गरोदर बाईला ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणी ७ च्या खाली गेलं तर धोका मोठा. त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते.

२. गोळी. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी सोडू नका. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यांना जास्त गोळ्या जिवावर बेततात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी मागा. हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजातही आढळतो.

३. ताट. पावसाळ्यातला टाकळा, माठ, शेवग्याचा पाला, नाचणी, वाल, सुकट, अंडी, मटण. सोबत लिंबू किंवा आवळा. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. याला पैसा लागत नाही.

४. समिती. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत निधी मिळतो. सदस्यांत निम्म्या तरी महिला असाव्यात आणि दलित-आदिवासींना जागा असावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या वाड्यातली बाई त्या यादीत आहे का? की नुसती सही घेतली जाते? २००७ साली महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. म्हणजे हे आपल्याकडे झालेलं आहे आणि पुन्हा करता येईल.

पुरुष बांधवांना एवढंच सांगणं, हंडा उचला, बायकोला तपासणीला तुम्ही घेऊन जा, आणि ती बैठकीला निघाली की "कशाला" विचारू नका.

विहारातल्या पुढच्या बैठकीत हे प्रश्न घ्या :

• आपल्या वस्तीत किती महिलांना स्वतःचं हिमोग्लोबिन माहीत आहे?
• आत्ता कोण कोण गरोदर आहे आणि तिच्याकडे गोळ्या पोचल्या का?
• समितीचा मागच्या वर्षीचा पैसा कशावर खर्च झाला?

उत्तरं वहीत लिहून ठेवा, खाली तारीख टाका. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडा आणि आकडे ताडून बघा.

जय भीम.