ग्रीष्मातील मंडळी आणि तिची उपासना

विद्यार्थी मित्रहो, वार्षिक परीक्षा संपली, निकाल हाती आले आणि शाळेला कुलूप लागले, की आपणांस वाटते, आता शिकण्याचे काम जून महिन्यापर्यंत थांबले. परंतु मंडळीला उन्हाळ्याची सुट्टी नसते. किंबहुना वर्षातील ज्या काळात तिची खरी परीक्षा होते, तो काळ हाच. प्रस्तुत लेखात मराठी मंडळीचे उन्हाळ्यातील जीवन व उपासना यांचा थोडा अभ्यास करावा, असे आम्ही योजिले आहे. उदाहरणासाठी अहमदनगर जिल्हा घेतला आहे. २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. तथापि मंडळीच्या जुन्या दप्तरांत पहिलेच नाव आढळते.

प्रथम ‘मंडळी’ या शब्दाकडे पाहू. घरात पाहुणे आले, की ‘मंडळी आली’ असे आपण म्हणतो. तेथे आपल्या मनात माणसे असतात, घर नसते. आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ताच्या अनुयायांच्या समुदायास हाच शब्द लावला, हे फार उचित केले. दगडविटांच्या इमारतीला आपण देऊळ किंवा चर्च म्हणतो; मंडळी ती नव्हे. म्हणून उन्हाळ्यातील मंडळीचा विचार करावयाचा, तर उन्हाळ्यात माणसे कोठे असतात, काय करितात व त्यांना काय सोसावे लागते, याचा विचार प्रथम केला पाहिजे.

आता पंचांगाकडे वळू. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मसभेने असे ठरविले, की प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा. पुढे रूढ झालेला नियम असा, की २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा गणिताने येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार हा या सणाचा दिवस होय. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. सणाचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण व पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येतो. हा पन्नासावा दिवस १० मे पूर्वी येत नाही व १३ जून नंतरही येत नाही. म्हणजे ख्रिस्ती वर्षाचा सर्वांत आनंदाचा काळ आपल्याकडे सबंध उन्हाळ्यात पडतो. २०२५ साली पुनरुत्थानाचा सण २० एप्रिलला आला व पन्नासावा दिवस ८ जूनला, अर्थात मृगाच्या तोंडावर आला.

ज्या देशात हे सण जन्मास आले, तेथील ऋतुमान निराळे आहे. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस साधारणतः ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो व पुढील महिने कोरडे जातात. पहिल्या पावसाने जमीन भिजते व पेरणी होते. शेवटच्या पावसाने दाणा भरतो. वल्हांडणाच्या सुमारास जव कापणीस येतो आणि सात आठवड्यांनी गव्हाची कापणी होते. पन्नासावा दिवस हा मूळचा त्या गव्हाच्या प्रथमफळांचा सण होय. शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तेथील पहिल्या पावसास ‘आगोटीचा’ व शेवटल्यास ‘वळवाचा’ असे अस्सल देशी शब्द योजिले आहेत. मात्र आपल्याकडे वळीव अगोदर येतो व आगोट मागाहून. त्यांचा वळवाचा पाऊस हंगामाचा शेवट करणारा, आपला वळीव हंगामाची वर्दी देणारा. त्यांच्या सणाच्या दिवशी खळे भरलेले असे. आपल्या सणाच्या दिवशी शेत नांगरून उघडे पडलेले असते व शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. म्हणून आपल्या मंडळीत हा सण भरल्या कणगीचे उपकारस्मरण म्हणून येत नाही, तर रित्या हातांची प्रार्थना म्हणून येतो. शास्त्र वाचताना हा फरक ध्यानी ठेवावा.

उपासनेच्या रीतीतही उन्हाळा बदल घडवितो. अहमदनगर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील जिल्हा. वैशाखात उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली दहा वाजता प्रवचन ऐकणे म्हणजे वृद्धांची व तान्ह्या मुलांच्या आयांची कसोटीच. यास्तव पुष्कळ मंडळ्या या दिवसांत सकाळची उपासना लवकर उरकतात आणि गावोगाव संध्याकाळच्या सभा अंगणात, निंबाखाली किंवा चांदण्यात भरतात. टाळ, मृदंग व पेटी यांच्या साथीने भजन रंगते. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा याच जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी रुजविली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओव्या व पदे रचून मराठी उपासनेस मराठी वाणी दिली. छपराखालून अंगणात आलेली उपासना रस्त्याने जाणाऱ्यासही ऐकू येते, हा उन्हाळ्याचा एक उपकारच म्हणावयाचा.

मुलांसाठी या काळात सुट्टीतील शास्त्रशाळा भरते. तिचा उगम मोठा बोधप्रद आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील दाट वस्तीत उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणारी मुले पाहून एलायझा हॉझ नावाच्या बाईंनी चक्क एक मद्यगृह भाड्याने घेतले व तेथे मुलांसाठी दररोजची शाळा चालविली. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी तोच प्रयोग त्या शहरातील अनेक मंडळ्यांतून वाढविला. आज आपल्या गावी दहा दिवस जी गाणी, गोष्टी व हस्तकौशल्याची कामे चालतात, त्यांचे मूळ ‘उन्हात ज्या मुलांना जागा नाही, त्यांना जागा द्यावी’ या साध्या विचारात आहे.

उन्हाळ्यात मंडळीतील माणसेही पालटतात. मुंबई-पुण्यास नोकरी करणारी कुटुंबे गावी येतात, लग्ने निघतात, बाप्तिस्म्यासाठी बाळे आणली जातात. दुसरा येणारा वर्ग मात्र आपल्या लक्षात क्वचित राहतो. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व गाळपाचा हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नाताळात ती उसाच्या फडात खोपीत असतात. त्यांच्यासाठी पुनरुत्थानाचा सण हाच वर्षातला गावी मिळणारा पहिला मोठा सण. त्यांची मुले बरोबरीच्या मुलांपेक्षा अभ्यासात मागे पडलेली असतात. ज्या मंडळीने परगावाहून आलेल्या पाहुण्यांस पुढली बाके दिली व या मुलांची चौकशी केली नाही, तिने आपलीच माणसे ओळखली नाहीत, असे म्हणावे लागेल.

आता आम्ही या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. तो म्हणजे पाणी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनातील सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर प्रभू थकून बसला, असे वर्णन आहे. सहावा तास होता, म्हणजे सूर्योदयापासून मोजल्यास ऐन दोन प्रहर. त्या वेळी एक स्त्री पाणी भरण्यास आली. इतर स्त्रियांच्या नजरा टाळण्यासाठी ती भर उन्हात आली, असे पुष्कळ टीकाकार म्हणतात; ग्रंथात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. लिहिलेले आहे ते इतके, की प्रभूजवळ पोहरा नव्हता, त्याने तिच्याजवळ पाणी मागितले आणि तिला नवल वाटले. कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. खरी उपासना कोणत्या डोंगरावर करावी, हा प्रश्न तिने विचारला तो याच विहिरीपाशी. नव्या करारातील उपासनेसंबंधीचा एक अत्यंत गहन संवाद देवळात घडला नाही. तो उन्हात, पाण्याच्या घागरीजवळ आणि जिच्या हातचे पाणी वर्ज्य समजले जाई अशा स्त्रीशी घडला.

महाराष्ट्रात हा अध्याय वाचताना अधिक समजावून सांगावे लागत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून जे लोक मंडळीत आले, त्यांपैकी बहुसंख्य महार व मांग समाजातील होते. बाप्तिस्मा झाला म्हणून गावची विहीर त्यांना खुली झाली नाही. पुण्यास १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव संमत करून घेतला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सत्याग्रह करावा लागला व न्यायालयाचा अखेरचा निर्णय १९३७ सालापर्यंत लांबला. तोही दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचाच होता, हे विसरू नये.

हा दोष केवळ बाहेरच्यांचा होता, असे समजून आपण हात झटकू नयेत. भेदाची सवय मंडळीच्या दारातून आतही येत असे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपले सोवळे, आपले वेगळे पाणी व वेगळा स्वयंपाक यांची हकीकत मोठ्या निर्मळ विनोदाने सांगितली आहे. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तरी लक्ष्मीबाईंच्या मनातील भेद एका दिवसात गळाला नाही. जो गळाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळाला, म्हणून तो पुन्हा उगवला नाही. आजही लग्नाच्या पंगतीत किंवा सोयरीक ठरविताना जुनी जात हळूच विचारली जाते. ती विचारणाऱ्याने चौथा अध्याय पुन्हा वाचावा.

दुष्काळाने मंडळीस पाण्याचा धडा पुनःपुन्हा दिला. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या व केडगाव येथे त्यांच्यासाठी वसाहत उभारली. तेथे प्रार्थना होत असे आणि विहिरीही खोदल्या जात. या दोन गोष्टींत त्या विदुषीस विरोध दिसला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांनी शेकडो मुले सांभाळली. कित्येक ख्रिस्ती कुळांचा इतिहास तेथूनच सुरू होतो. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा कोणी तरी दिलेल्या घोटभर पाण्यावर वाचले आहेत.

आता आजचा प्रश्न पाहू. पाऊस दगा देतो त्या वर्षी पाथर्डी, पारनेर यांसारख्या तालुक्यांतील गावांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पाणी पुरवितात. टँकर रविवार पाळीत नाही. उपासनेची घंटा झाली आणि त्याच वेळी टँकर आला, तर घागरी घेऊन कोण धावते? बहुधा आई आणि मोठी मुलगी. शब्बाथ शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. घरातील मुलगा मात्र स्वच्छ सदरा घालून वेळेवर बाकावर असतो व वर्षाअखेर पूर्ण हजेरीचे बक्षीस घेतो.

अशा वेळी मंडळीने काय करावे? लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने विचारलेला प्रश्न येथे उपयोगी पडतो. शब्बाथ दिवशी आपला मुलगा किंवा बैल विहिरीत पडला, तर त्यास तत्काळ वर काढणार नाही असा कोण आहे? ऐकणाऱ्यांजवळ उत्तर नव्हते, कारण उत्तर सर्वांस ठाऊक होते. विहिरीत पडलेल्यास वर काढणे जर शब्बाथाच्या विरुद्ध नाही, तर कोरड्या विहिरीमुळे जे उपासनेबाहेर पडतात, त्यांना आत आणणे हे शब्बाथाचेच काम होय. पाळकांनी व वडिलांनी टँकरची वेळ विचारून उपासनेची वेळ ठरवावी. ते न जमल्यास तरुण संघातील मुलांनी आळीपाळीने रांगेत उभे राहून म्हाताऱ्यांच्या व विधवांच्या घागरी भराव्यात. त्या घरी मग पवित्र शास्त्राचा पाठ संध्याकाळी ऐकवावा. देवळाच्या फाटकाशी एक रांजण ठेवावा व त्यावर कोणाचे नाव घालू नये. गार पाण्याचा प्यालाही प्रतिफळावाचून राहणार नाही, असे प्रभूने सांगितले आहे. तो प्याला ख्रिस्ती माणसानेच प्यावा, असे आम्हांस कोठे आढळत नाही.

पालकहो, आपणांस आमची एकच विनंती आहे. या सुट्टीत घरात पाणी कोण आणते, याकडे लक्ष द्यावे आणि एक घागर मुलाच्या खांद्यावरही द्यावी. मुलीची शब्बाथ शाळा तेवढ्याने वाचेल.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत पुढील अभ्यास करून जूनमध्ये वही दाखवावी.

१. पुढील तीन वर्षांतील पुनरुत्थानाच्या सणाचा दिवस पंचांगातून काढा व त्यावरून पन्नासावा दिवस मोजा. तो रोहिणीच्या अगोदर येतो की नंतर, हे लिहा.

२. आजी-आजोबांस विचारा, की त्यांच्या लहानपणी आपली माणसे पाणी कोठून आणीत व कोणत्या विहिरीवर त्यांना मज्जाव होता. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

३. आपल्या घरी एका दिवसात किती घागरी पाणी लागते व त्यांपैकी कोणी किती आणल्या, हे आठ दिवस मांडा.

४. योहानाचा चौथा अध्याय वाचा. ती स्त्री गावाकडे धावत गेली, तेव्हा आपली घागर तेथेच सोडून गेली. ती घागर मागाहून कोणी भरली असेल, हे शास्त्रात दिलेले नाही. आपण तेथे असतो तर काय केले असते, ते पाच ओळींत लिहा.