दोन अपुरे सामने : डेनिस लॉच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

खेळाडूचे मोठेपण कशावरून ठरवावे, हा वाद आपल्याकडे क्रिकेटच्या निमित्ताने नेहमीच रंगतो. कोणी धावा मोजतो, कोणी सरासरी काढतो, तर कोणी म्हणतो, "अहो, त्याची ती एक खेळी आठवा!" आकडे आणि आठवण यांचे हे भांडण जुनेच आहे. फुटबॉलमधील आघाडीच्या खेळाडूबाबत आकड्यांचा जोर अधिकच असतो. गोल करणे हेच त्याचे काम आणि गोल ही तर एक, दोन, तीन अशी सरळ मोजता येणारी वस्तू. परंतु सगळे गोल सारख्याच मोलाचे असतात काय? वहीत नोंदला गेला तेवढाच गोल खरा, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात मी डेनिस लॉ या स्कॉटिश खेळाडूची कारकीर्द निवडली आहे. त्याच्या आयुष्यात दोन सामने असे आले की जे पूर्ण नव्वद मिनिटे खेळले गेलेच नाहीत. एका सामन्यातले त्याचे सहा गोल पुसले गेले. दुसऱ्यातला एकच गोल कायम राहिला, आणि नेमका तोच त्याला नको होता.

ॲबर्डीनचा तिरळा मुलगा

डेनिस लॉचा जन्म २४ फेब्रुवारी १९४० रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ॲबर्डीन या बंदरात झाला. वडील मासेमारीच्या बोटीवर कामाला. सात भावंडांत हा धाकटा. घरची परिस्थिती इतकी बेताची की त्याचे पहिले फुटबॉलचे बूट शेजाऱ्याच्या घरातले वापरलेले होते. त्यात भर म्हणजे डोळ्याला तिरळेपणा. लहानपणी तो चष्मा वापरी आणि खेळताना चष्मा काढून तो डोळा मिटून घेई. १९५५ साली इंग्लंडमधील हडर्सफील्ड टाउन या क्लबात तो दाखल झाला, तेव्हा या किडकिडीत पोराकडे पाहून तो पुढे युरोप गाजवील असे कोणाला वाटले नसेल. पुढे शस्त्रक्रियेने तिरळेपणा गेला. डिसेंबर १९५६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो क्लबच्या पहिल्या संघातून खेळला. त्या काळात बिल शँकली हे तेथे व्यवस्थापक होते. हेच शँकली पुढे लिव्हरपूलला नावारूपास आणणारे म्हणून प्रसिद्ध झाले.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अठरा वर्षांचा लॉ स्कॉटलंडकडून वेल्सविरुद्ध कार्डिफ येथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्यात त्याने गोलही केला. त्या वेळी स्कॉटलंडच्या संघाची धुरा मॅट बस्बी यांच्याकडे होती. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला म्युनिक येथील विमान अपघातात बस्बी यांच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले होते आणि ते स्वतःही मरणाच्या दारातून परत आले होते. मोडलेला संघ पुन्हा उभारण्याचे काम त्यांच्यापुढे होते. या दोघांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

किंमत क्लबची, मजुरी खेळाडूची

मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटी या क्लबाने लॉला ५५,००० पौंडांना घेतले. ब्रिटनमधील दोन क्लबांत तोवर झालेला हा सर्वांत मोठा व्यवहार होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. हे ५५,००० पौंड एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे गेले. खेळाडूला मात्र इंग्लंडच्या लीगमध्ये आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास नियमानेच बंदी होती. ही कमाल मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठली. कराराची मुदत संपली तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शके. त्या प्रथेला १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात न्यायालयाने अन्याय्य ठरवले. म्हणजे ज्याच्या पायांची किंमत हजारांत होई, त्याची मजुरी विसांत मोजली जाई. 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्या काळी त्या व्यवसायात खेळाडूचे स्वतःचे स्थान काय होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय लॉच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही.

आता पहिला अपुरा सामना. इंग्लंडमध्ये लीग आणि एफ. ए. चषक अशा दोन वेगळ्या स्पर्धा चालतात. लीगमध्ये वर्षभर गुण जमा करायचे असतात, तर चषकात हरला तो बाहेर. २८ जानेवारी १९६१ रोजी चषकाच्या चौथ्या फेरीत सिटीचा सामना ल्यूटन टाउनशी त्यांच्याच मैदानावर होता. सिटी ०-२ अशी मागे पडली. त्यानंतर लॉने एकामागून एक सहा गोल केले आणि धावफलक ६-२ झाला. पाऊस मात्र थांबेना. मैदानात पाण्याची डबकी साचली, आणि ६९ व्या मिनिटाला पंचांनी सामना थांबवला. चषकाचा अपुरा सामना पुन्हा पहिल्यापासून खेळायचा असतो, म्हणून सगळे गोल रद्द झाले. काही दिवसांनी सामना पुन्हा झाला. त्यात ल्यूटनने सिटीला ३-१ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. सिटीचा तो एकमेव गोलही लॉचाच होता! एका फेरीत सात वेळा जाळे हलवूनही हा गडी हरला.

या स्पर्धेत लॉच्या नावावर अधिकृतपणे ४१ गोल आहेत. पुढे इयान रश याने ४४ गोल करून त्याला मागे टाकले. ते सहा धरले असते तर लॉचे ४७ झाले असते. पावसाने एक सामना धुऊन नेला आणि त्याबरोबर एक विक्रमही.

इटली आणि परत मँचेस्टर

त्याच वर्षी टोरिनो या इटालियन क्लबाने १,१०,००० पौंड मोजून लॉला नेले. तेथे पैसा होता, पण खेळात आनंद नव्हता. इटलीतील संघ बचावाला चिकटलेले असत आणि आघाडीच्या खेळाडूला सावलीसारखा पहारेकरी लावीत. फेब्रुवारी १९६२ मध्ये ट्यूरिनमध्ये मोटारीचा अपघात झाला. त्यात त्याचा सहकारी जो बेकर जबर जखमी झाला, तर लॉ थोडक्यात बचावला. लीगच्या २७ सामन्यांत दहा गोल करून तो मायदेशी परतला. जुलै १९६२ मध्ये बस्बी यांनी त्याला १,१५,००० पौंडांना मँचेस्टर युनायटेडमध्ये आणले.

येथून पुढची अकरा वर्षे हाच लॉच्या कारकिर्दीचा गाभा होय. १९६३ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात युनायटेडने लेस्टर सिटीला ३-१ ने हरवले. त्यातला पहिला गोल लॉचा. १९६३-६४ च्या हंगामात त्याने सर्व स्पर्धांत मिळून ४६ गोल केले. एका हंगामातला हा क्लबचा विक्रम आजही अबाधित आहे. १९६४ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ऑर' हा मान त्याला लाभला. तो मिळवणारा तो आजवरचा एकमेव स्कॉटिश खेळाडू आहे. १९६५ आणि १९६७ मध्ये युनायटेडने लीगचे अजिंक्यपद मिळवले. बॉबी चार्ल्टन, जॉर्ज बेस्ट आणि लॉ या त्रिमूर्तीचा पुतळा २००८ पासून ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर उभा आहे.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य कशात होते? अंगाने तो सडपातळच, पण उडी अशी की हवेत क्षणभर अधिक रेंगाळतो की काय असे वाटावे. गोलासमोर चेंडू सुटा झाला की इतरांना तो दिसेपर्यंत लॉचा पाय तेथे पोचलेला असे. डोके, पाऊल, टाच, हवेत उलटे होऊन मारलेली लाथ, त्याला काहीही चाले. गोल झाला की बाहीचे टोक मुठीत धरून तो एक हात उंच करी. त्या एका खुणेसाठी ओल्ड ट्रॅफर्डचे प्रेक्षक त्याला 'राजा' म्हणत.

पण राजाचेही मालक होतेच. १९६६ मध्ये त्याने वेतनवाढ मागितली, तेव्हा बस्बी यांनी त्याचे नाव सरळ विक्रीच्या यादीत टाकले. लॉला जाहीर माफी मागावी लागली. मागाहून त्यानेच सांगितले की मागितलेल्या वाढीपैकी निम्मी रक्कम बस्बी यांनी गुपचूप दिली होती! पुढे गुडघ्याने त्रास दिला. मे १९६८ मध्ये युनायटेडने बेन्फिकाला ४-१ ने नमवून युरोपियन चषक जिंकला. म्युनिकनंतर दहा वर्षांनी बस्बी यांचे स्वप्न पुरे झाले, ते लॉच्या गैरहजेरीत; तो त्या वेळी रुग्णालयात होता. १९७३ मध्ये क्लबाने त्याला मोबदला न घेता मोकळे केले. युनायटेडसाठी ४०४ सामन्यांत २३७ गोल करणारा हा खेळाडू त्याच शहरातल्या प्रतिस्पर्ध्याकडे, आपल्या जुन्या मँचेस्टर सिटीकडे, परत गेला.

टाचेचा गोल

दुसरा अपुरा सामना २७ एप्रिल १९७४ चा. स्थळ ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड विरुद्ध सिटी. युनायटेडची अवस्था बिकट होती. त्या हंगामापासून पहिल्या विभागातील २२ पैकी तळाचे तीन संघ दुसऱ्या विभागात उतरणार होते, आणि युनायटेड तळाशी गटांगळ्या खात होता. शेवटची दहा मिनिटे उरली तरी गोलफलक कोराच. फ्रान्सिस लीचा चेंडू गोलासमोर लॉकडे आला. लॉची पाठ गोलाकडे होती. त्याने टाच मारली आणि चेंडू गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनीला चकवून आत गेला.

लॉचा हात वर गेला नाही. सहकारी अभिनंदनाला धावले, हा मान खाली घालून उभा. लगेच त्याला बदलून दुसरा खेळाडू घेण्यात आला. इंग्लिश लीगमधला हा त्याचा शेवटचा गोल. प्रेक्षक मैदानात घुसले आणि पंचांना सामना वेळेपूर्वीच संपवावा लागला. लीगने मात्र १-० हा निकाल कायम ठेवला. घुसखोरी यजमानांच्या पाठीराख्यांनी केली होती. तिचा फायदा यजमानांनाच देणे योग्य झाले नसते.

"लॉने आपल्याच जुन्या क्लबला खाली ढकलले" हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत सांगितले जाते. ते कितपत खरे आहे? हिशेब सोपा आहे. त्या काळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळे. या सामन्यापूर्वी युनायटेडचे ३२ गुण होते आणि दोन सामने शिल्लक होते. दोन्ही जिंकले असते तरी बेरीज ३६. त्याच दुपारी बर्मिंगहॅम सिटीने नॉर्विचला २-१ ने हरवून आपले गुण ३७ केले. म्हणजे लॉची टाच चेंडूला लागली नसती, इतकेच काय, युनायटेडने सिटीला हरवले असते, तरीही ते खाली जाणारच होते. त्यांना त्या एका गोलाने नव्हे, वर्षभरातल्या वीस पराभवांनी खाली नेले. पुढच्याच हंगामात दुसऱ्या विभागात पहिले येऊन ते परतही आले.

मैदानावरून परतताना लॉला हा हिशेब ठाऊक नव्हता. त्याला एवढेच दिसत होते की ज्या प्रेक्षकांनी त्याला राजा केले, त्यांच्या छातीत आपण सुरी खुपसली. तो गोल व्हायला नको होता, हे त्याने पुढे आयुष्यभर सांगितले.

मग त्याने तो मारलाच का? काही जण याला व्यावसायिक कर्तव्य म्हणतील. मला ते पुरेसे वाटत नाही. अर्जुनाला समोर स्वकीय दिसले तेव्हा रथ थांबवून विचारायला अवसर तरी मिळाला. लॉला अर्धा सेकंद मिळाला. अठरा वर्षे ज्या शरीराला एकच गोष्ट शिकवली, त्याने ती मनाला न विचारता करून टाकली. त्याच्या कलेचा पुरावा म्हणून मी ४६ गोलांच्या हंगामाइतकाच हा एक गोलही मांडीन. ज्याचे कौशल्य त्याच्या स्वतःच्या इच्छेच्याही पुढे धावते, तो खरा पक्का कारागीर.

निष्कर्ष

आता दोन्ही सामने शेजारी ठेवून पाहावे. एकात सहा गोल झाले, ते हजारो लोकांनी पाहिले, आणि कागदावर ते नाहीत. दुसऱ्यात एक गोल झाला, तो कागदावर आहे; पण त्याने घडवले असे जे म्हणतात ते त्याने घडवलेच नाही. नियमांच्या दृष्टीने दोन्ही निर्णय योग्यच होते. तरीही नोंदवही वाचून लॉ कळत नाही, आणि नुसत्या लोकांच्या आठवणीवर विसंबले तर त्याच्यावर अन्याय होतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. आमच्या शास्त्रात कागद आणि मौखिक परंपरा यांचा कलह रोजचाच. लॉची कारकीर्द मला शिकवते ती गोष्ट अशी : नोंद वाचताना तीतून काय गळले ते शोधावे, आणि आख्यायिका ऐकताना बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

१४ जून १९७४ रोजी डॉर्टमुंड येथे झाईरविरुद्ध लॉ विश्वचषकातला आपला एकमेव सामना खेळला. स्कॉटलंडकडून तो त्याचा शेवटचा. त्याच उन्हाळ्यात त्याने निवृत्ती घेतली. ५५ सामन्यांत ३० गोल ही त्याची देशासाठीची कमाई. केनी डल्ग्लिशने तेवढेच गोल १०२ सामन्यांत केले. १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, लॉचे निधन झाले. त्याची ओळख करून देताना टाचेचा तो गोल कोणी सांगितलाच, तर त्याला शेजारी बर्मिंगहॅमचे ३७ गुणही सांगावेत, आणि ल्यूटनच्या चिखलात बुडालेले ते सहा गोलही.