वळीव, तळे आणि होडी
(इयत्ता ४ थी ते ७ वीसाठी सामान्य विज्ञान व आरोग्यशिक्षण यांचा संयुक्त पाठ, तासिका २)

सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील मुलाला पाण्याची ओळख बहुधा पाण्याच्या अभावातून होते. वैशाखात आकाशात काळा ढग चढू लागला, की शेतकऱ्याचे घर आनंदते. उन्हाळ्याची तलखी कमी होते, मशागतीला ओल मिळते. परंतु ज्या ढगाकडे शेतातला माणूस आशेने पाहतो, त्याच ढगाकडे पाण्यावरच्या माणसाने भीतीने पाहावयास हवे. तळ्याकाठच्या मुलाच्या मनावर हा भेद ठसविणे, एवढाच ह्या पाठाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

भीमा नदीवर उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा त्याचा जलाशय असून त्यास यशवंतसागर असे नाव आहे. ह्या जलाशयाचे पाणी माढा व करमाळा ह्या तालुक्यांबरोबरच शेजारच्या इंदापूर, दौंड व कर्जत तालुक्यांच्या हद्दींतही पसरले आहे. जेथे पूर्वी नदीचे एक पात्र होते, तेथे आता कित्येक ठिकाणी पैलतीर अंधुक दिसावा इतके रुंद पाणी आहे. ह्या पाण्यावर अनेक कुटुंबे मासेमारी करून उदरनिर्वाह करतात. पैलतीराला जाण्यास रस्त्याने मोठा वळसा पडत असल्यामुळे बाजार, नातेवाईक व दवाखाना यांसाठी लोक होडीचाच मार्ग धरीत आले आहेत.

समुद्रकाठच्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रावर जावयाचे, हे तेथील लहान मुलासही ठाऊक असते. उजनीचे तळे मात्र वयाने लहान आहे. त्याच्या काठची पुष्कळशी वस्ती मूळची शेतकऱ्यांची असून वळिवाला कोणतीही तिथी नाही. जे ज्ञान कोकणात आजोबांकडून नातवाला मिळते, ते येथे शाळेने दिले पाहिजे.

एक दुर्दैवी घटना

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशी येथे एक होडी निघाली होती. होडीत सात माणसे होती व त्यांत दोन लहान बालके होती. वाटेत एकाएकी वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या, होडीत पाणी शिरले आणि ती उलटली. एक जण पोहून काठाला लागला, उरलेले सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांनी शोध घेतला, तरी मृतदेह हाती येण्यास २३ मे उजाडला.

ही घटना वर्गात सांगताना शिक्षकांनी फार काळजी घ्यावी. मृतांची नावे उच्चारू नयेत, दोष कोणाचा याची चर्चा मुलांपुढे करू नये व वर्णन भीतिदायक करू नये. तळ्याकाठच्या शाळेत एखाद्या मुलाच्या घरी असे दुःख झालेले असू शकते. मुलांच्या ध्यानी आणावयाचे ते एवढेच की, वादळ होडीला पाण्याच्या मध्यावर गाठते तेव्हा करण्यासारखे फारच थोडे उरलेले असते. जे करावयाचे ते त्यापूर्वी करावे लागते.

पाठाचे हेतू

१. वळिवाच्या ढगापुढे वारा का धावतो, हे मुलांस समजावे.
२. वारा, लाट आणि होडीतील ओझे यांचा संबंध प्रयोगाने दिसावा.
३. आभाळाची लक्षणे पाहून वेळीच परतण्याची सवय मुलांस व मुलांमार्फत घरच्या माणसांस लागावी.

साहित्य : तांब्याभर पाणी, परात किंवा जनावरांच्या पाण्याचा हौद, नारळाच्या दोन करवंट्या, खडे, ओली माती, काडी, रिकामा बंद डबा व दोरी. ह्यांपैकी एकही वस्तू विकत आणावी लागू नये.

विषयविवेचन

(अ) पावसाआधी वारा. वळिवाचा ढग दुपारच्या उन्हाने तापलेली हवा वर चढल्याने बनतो. त्याचे डोके पुष्कळदा दहा किलोमीटरांहूनही उंच जाते. ढगातून पाऊस पडू लागला, की त्याबरोबर वरची थंड व जड हवाही वेगाने खाली येते. जमिनीवर आपटल्यावर तिला खाली जाण्यास वाट नसते, म्हणून ती चोहोंकडे पसरते. हे दाखविण्यासाठी शिक्षकांनी तांब्यातील पाणी थोड्या उंचीवरून फरशीवर सरळ ओतावे. ते ज्या प्रकारे सर्व दिशांना धावते, त्याच प्रकारे ढगाखालची गार हवा धावते. ती पावसाच्या पुढे येते. म्हणून ‘अजून थेंब पडला नाही, तेव्हा वेळ आहे’ हा समज चुकीचा आहे. अंगाला एकाएकी गार झुळूक लागणे, काठावर धुळीचा लोट उठणे, दूरच्या पाण्याचा रंग काळसर होऊन त्यावर शिरशिरी दिसणे, ही वारा येऊन पोहोचल्याची चिन्हे होत.

(आ) मोकळे पाणी आणि लाट. हौदाच्या एका टोकाशी उभे राहून मुलांनी पाण्यावर फुंकर घालावी. जवळचे पाणी नुसते थरथरते, पण लाट पुढे जाताना वाढत जाते. वाऱ्याला जितके अधिक लांब मोकळे पाणी मिळेल, तितकी लाट मोठी होते. गावच्या लहान पाझर तलावात वारा सुटला, तरी लाट फार वाढत नाही. उजनीच्या रुंद पाण्यात तोच वारा दुसऱ्या काठाशी उंच लाटा नेऊन आदळतो. उथळ पाण्यात ह्या लाटा आखूड व उभ्या होतात आणि लहान होडीला त्याच अधिक धोक्याच्या असतात. उन्हाळ्यात पाणी कमी झाले म्हणजे तळे निर्धोक झाले, असे समजू नये. त्या दिवसांत झाडांचे खुंट व जुनी बांधकामे पृष्ठभागाजवळ येतात.

(इ) होडी का उलटते? परातीतील पाण्यावर करवंटी सोडून तिच्या तळाशी चार खडे ठेवावेत. ती स्थिर राहील. मग तेवढेच खडे एका बाजूस सरकवावेत, ती कलेल. नंतर तळाशी मातीत एक काडी उभी रोवून तिच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा लावावा. किंचित धक्का लागताच करवंटी उलटेल. होडीत उभा राहिलेला मनुष्य हा तो गोळा होय. यावरून मुलांनीच नियम काढावेत: होडीत उभे राहू नये, सर्वांनी एका बाजूस झुकू नये, भ्याल्यावर तर जागा मुळीच सोडू नये.

दुसऱ्या करवंटीत एकेक खडा वाढवीत जावे आणि पाण्याच्या वर उरलेला काठ प्रत्येक वेळी पाहावा. काठ जितका कमी, तितकी लहान लाटही आत शिरते. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिम्सॉल याच्या खटपटीमुळे १८७६ मध्ये जहाजावर भाराची रेघ काढणे कायद्याने सक्तीचे झाले. ती रेघ पाण्याखाली गेली, तर भार अधिक झाला हे कोणासही दिसते. होडीवरही तेलरंगाने अशी रेघ काढता येते. काठ पाण्याच्या वर वीतभरही उरत नसेल, तर त्या होडीत ओझे जास्त झाले असे समजावे. ओले जाळे आणि मासळी यांचेही वजन असते, हे विसरू नये.

(ई) एक हिशेब. हा भाग अंकगणिताच्या तासाला घ्यावा. वीज दिसते तत्काळ, परंतु तिचा आवाज सुमारे ३ सेकंदांत १ किलोमीटर चालतो. वीज दिसल्यावर १५ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज ५ किलोमीटरांवर आहे. समजा, ढग ताशी ३० किलोमीटर वेगाने होडीकडे येत आहे. तो १० मिनिटांत पोहोचेल. वल्ह्यांची होडी ताशी ४ किलोमीटर जात असेल, तर १० मिनिटांत ती सुमारे ६७० मीटर जाईल. होडी काठापासून १ किलोमीटरावर असेल, तर ढगाने तिला वाटेतच गाठले. शिवाय वारा ढगाच्याही पुढे असतो, तेव्हा ही १० मिनिटेही पूर्ण मिळत नाहीत. मुलांनी निरनिराळी अंतरे घेऊन हा हिशेब स्वतः करावा. गडगडाट ऐकू आल्यावर निघणे म्हणजे बहुधा उशिरा निघणे होय, हे उत्तर त्यांना आकड्यांतून मिळाले पाहिजे.

मासेमारीच्या वेळेचा प्रश्न

जाळे सायंकाळी टाकावयाचे आणि पहाटे काढावयाचे, असा पुष्कळ ठिकाणचा परिपाठ आहे. वळीवही बहुधा दुपारनंतर व सायंकाळीच उठतो. धोका व काम एकाच वेळी येतात, ते ह्यामुळे. चैत्र-वैशाखात जाळी सकाळीच टाकावीत, किंवा आभाळ भरून येत असेल त्या दिवशी काठाजवळच टाकावीत.

वादळात जाळे वाचविण्याचा मोह अनेकांस घातक ठरतो. अडकलेले जाळे होडीला एका जागी धरून ठेवते आणि ती लाटांना आडवी होते. परंतु जाळे हे गरिबाचे भांडवल आहे. ‘जाळे सोडून द्या’ असे नुसते सांगितल्याने कोणी सोडणार नाही. जाळ्याच्या दोराला मोठे बूच किंवा बंद डबा बांधलेला असावा आणि हाताशी कोयता असावा. मग दोर कापला, तरी खुणेवरून जाळे दुसऱ्या दिवशी सापडू शकते. हा उपाय मुलांनी घरी सांगावा. तो ऐकला जाईल.

वाऱ्याने गाठलेच तर

होडी लाटांना आडवी होऊ देऊ नये, तिचे तोंड लाटेच्या रोखाने ठेवावे. सर्वांनी तळाशी बसावे व आत आलेले पाणी डब्याने सतत उपसावे. जवळचा कोणताही काठ गाठावा, आपल्याच गावच्या धक्क्याचा हट्ट धरू नये. जीवरक्षक जाकीट होडीत चढतानाच बांधलेले असावे. लाटांत ते अंगात घालता येत नाही. लाकडी होडी उलटली तरी तरंगते, तिला धरून राहावे. काठ दिसतो त्याहून दूर असतो, पोहत निघणारे दमून बुडतात. पत्र्याची होडी पाणी भरताच तळाला जाते, म्हणून तिच्या बैठकीखाली रिकामे बंद डबे घट्ट बांधलेले असावेत.

बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी मुलांनी पाण्यात कधीही उडी घेऊ नये. काठावरून बांबू पुढे करावा, दोरीला बांधलेला बंद डबा फेकावा आणि मोठ्या माणसांस हाक मारावी. हा सराव शाळेच्या अंगणात जमिनीवर आखलेल्या रेषेवरून घेता येतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ह्या जुन्या समजुती अपायकारक आहेत. श्वास बंद असेल, तर तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे हाच उपचार होय. तो शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष शिकून घ्यावा. मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत.

शाळेचे कर्तव्य

हवामान खात्याचा इशारा पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांनी दिला जातो. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. तळ्याकाठच्या शाळेने चैत्र ते ज्येष्ठ ह्या काळात दररोज हा इशारा फलकावर लिहावा. उन्हाळी सुटीत हे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे, कारण नेमक्या त्याच दिवसांत धोका अधिक असतो. शिक्षकांच्या स्वतःच्या वर्तनासही येथे महत्त्व आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. तेथे वादळ नव्हते. नावेत माणसे अधिक होती. सहलीत नावेचा काठ, माणसांची संख्या व जाकिटे ही तपासल्यावाचून एकाही मुलास नावेत बसू देऊ नये. नावाड्यास ‘नाही’ म्हणण्याचा संकोच शिक्षकाने केल्यास मुलेही तोच संकोच शिकतील.

फलकलेखन

वारा पावसाच्या आधी येतो. – काठ वीतभर वर. – बसून राहा. – जाकीट आधी, वल्हे नंतर. – जाळे खुणेवर सोडा. – दोरी फेका, उडी नको.

उजळणीचे प्रश्न

१. पाऊस सुरू होण्यापूर्वीच वारा का सुटतो?
२. लहान तलावापेक्षा उजनीच्या पाण्यात लाटा मोठ्या का होतात?
३. वीज दिसल्यावर ९ सेकंदांनी आवाज आला. वीज किती दूर आहे?
४. होडीत उभे का राहू नये? करवंटीच्या प्रयोगावरून सांगा.

गृहपाठ

आपल्या गावातील एखाद्या वृद्ध मच्छीमारास किंवा शेतकऱ्यास भेटून वळीव ओळखण्याच्या त्यांच्या खुणा विचाराव्यात व वहीत लिहून आणाव्यात. त्यांतील कोणत्या खुणा पाठात आल्या व कोणत्या नव्या आहेत, हे वर्गात ताडून पाहावे. नव्या व खऱ्या ठरलेल्या खुणा फलकावरील यादीत त्या व्यक्तीच्या नावानिशी, तिच्या संमतीने जोडाव्यात. शाळेने शिकविलेले व गावाने अनुभविलेले ज्ञान असे एका यादीत आले, म्हणजे मुलाने घरी सांगितलेल्या गोष्टीस वडील माणसांचाही मान मिळेल, आणि आभाळ काळवंडले असता होडी काठाला बांधून ठेवण्याचा सल्ला कोणास पोरकट वाटणार नाही.