गाडीची खरी किंमत

आमच्या रात्रीच्या वर्गात एक दूधवाला येतो. त्याचे गाव वडशाजवळच आहे. पहाटे तो दुधाचे कॅन गाडीला अडकवतो, वैनगंगेचा पूल ओलांडतो आणि ब्रह्मपुरीला घरोघर रतीब घालतो. सगळे फिरणे मिळून रोजचे ४० किलोमीटर होतात.

एके दिवशी तो एक छापील कागद घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, विजेची गाडी घेतो म्हणतो जी. पेट्रोल परवडत नाही. एक म्हैस विकतो, बाकीचे हप्त्याने देतो. कागद पाहून द्या."

आम्ही म्हणालो, "तूच वाच गा. वर्षभर कशासाठी शिकलास?"

वाचायच्या आधी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. वाचकहो, तुम्हीही वही घ्या. आकडे आम्ही सोयीचे धरले आहेत. तुमच्या दुकानात वेगळे असतील, ते विचारून घाला.

पेट्रोलची स्कूटर ९५,००० रुपयांना धरू आणि विजेची १,२०,००० रुपयांना. म्हणजे विजेची २५,००० रुपयांनी महाग. वर्षाचे ३०० दिवस धरले तर फिरणे १२,००० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला ४५ किलोमीटर चालली, तर सुमारे २६७ लिटर लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर २८,००० रुपये झाले. तेलपाणी आणि दुरुस्तीचे ४,००० मिळवा. एकूण ३२,००० रुपये.

आता वीज. दुकानदार सांगतो, एकदा भरली की गाडी १२० किलोमीटर जाते. कॅन लादल्यावर जात नाही. आपण ९० धरू. बॅटरी भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून एका वेळी मीटरवर साडेतीन युनिटे पडतील. वर्षाची झाली सुमारे ४६७ युनिटे, म्हणजे महिन्याला ३९. इथे एक मेख आहे. घरगुती विजेचा दर १०० युनिटांपर्यंत कमी असतो, पुढच्या युनिटांना चढतो. घरात आधीच ८० युनिटे जळत असतील, तर गाडीची १९ युनिटे चढ्या दरात जातात. म्हणून सरसकट १० रुपये दर धरला. वर्षाचे ४,६७० रुपये. दुरुस्तीचे २,००० मिळवून ६,७०० च्या आसपास.

वर्षाला २५,००० रुपये वाचले! गडी खूश झाला. पहिल्या वर्षातच जास्तीची किंमत वसूल.

मग आम्ही म्हणालो, "आता कागद वाच. बारीक अक्षर आधी."

त्याने बोट ठेवून वाचले: बॅटरीची हमी ३ वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते.

हे शेवटचे शब्द त्याने दोनदा वाचले. वर्षाला १२,००० चालणाऱ्याचे ३०,००० अडीच वर्षांतच भरतात. त्यानंतर बॅटरी गेली तर नवी घ्यावी लागेल. तिला आम्ही ५५,००० रुपये धरले. लगेच जाईलच असे नव्हे. पण आपला उन्हाळा कसा ते सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उष्णतेने अशा बॅटरीचे आयुष्य घटते. गाडी सावलीत लावावी, उन्हातून आल्याबरोबर भरायला लावू नये.

पाच वर्षांत वाचणार १,२५,०००. त्यातून जास्तीची किंमत २५,००० आणि बॅटरीचे ५५,००० वजा केले की उरले ४५,०००. त्यातूनही वाढीव कर्जाचे व्याज जाईल. तरी दूधवाल्याला गाडी परवडते. मात्र बॅटरीसाठी महिन्याला हजारभर रुपये बाजूला पडले पाहिजेत. ते खर्चून टाकले तर पुन्हा म्हैस विकण्याची पाळी.

आमचे स्वतःचे म्हणाल, तर आम्ही बाजारात आणि पोस्टात तेवढे जातो. वर्षाला १,५०० किलोमीटरही नीट होत नाहीत. आमचे पेट्रोल ३,५०० रुपयांत भागते, विजेला ६०० लागतील. पाच वर्षांत वाचतील १४,५०० रुपये, दुरुस्तीत थोडे आणखी. त्यात जास्तीची किंमतही निघणे कठीण. उभ्या गाडीचीही बॅटरी म्हातारी होतेच. म्हणून आमची जुनी पेट्रोलची गाडीच चालू आहे. तिचा धूर आम्हाला आवडतो असे नाही. पण चंद्रपूरच्या वीज केंद्रातही दगडी कोळसाच जळतो, हेही मुलांना सांगावे लागते.

दोन दिवसांनी दूधवाला दुसऱ्या दुकानाचा कागद घेऊन आला. किंमत ९,००० रुपयांनी जास्त होती. हमी ८ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटर. आम्ही चष्मा शोधेपर्यंत त्याने फळ्यावर भागाकार मांडला होता.

"साडेसहा वर्षे पुरते जी," तो म्हणाला, "आठ नाही."