मावळ्याच्या अंगरख्यावरची सावली

प्रश्न : दिवाळीत आमच्या कॉलनीतली मुलं किल्ला करतात. यंदा तारापूरचा किल्ला करायचा आहे. मावळे आम्ही घरीच रंगवतो, पण ते सपाट दिसतात. परदेशातला भाचा म्हणतो, वरून ‘वॉश’ द्या. त्या बाटल्या फार महाग पडतात. घरी करता येईल का? शाई किंवा चहाचं पाणी चालेल का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : करता येईल, आणि बाहेरून काही मागवायचीही गरज नाही. कॅम्लिनचा कारखाना तर तुमच्या तारापूर एमआयडीसीतच आहे.

वॉश म्हणजे मुद्दाम पातळ केलेला गडद रंग. तो उंचवट्यांवरून ओघळतो आणि अंगरख्याच्या चुण्यांत, पागोट्याच्या घड्यांत, दाढीच्या रेषांत साचतो. एवढ्याशा मावळ्यावर खरी सावली नीट पडत नाही, म्हणून ती रंगानं पाडायची.

बहुतेक जण रंगात नुसतं पाणी ओततात आणि तिथेच काम बिघडतं. रंगात एक असते पूड आणि दुसरा तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. पाणी वाढलं की हा चिकटपणाही विरळ होतो, मग सुकल्यावर पूड बोटाला लागते. शिवाय पृष्ठताणामुळे गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब गोळा होतात. थेंबाची कड आधी सुकते, आतलं पाणी रंग घेऊन कडेकडे सरकतं आणि मावळ्याच्या छातीवर गोल डाग उमटतो. आपल्याकडच्या वारली चित्रकारांनी ही पकडीची अडचण कधीच सोडवली आहे : तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात ते पाण्याबरोबर डिंकही घालतात.

तुम्ही डिंकाऐवजी ॲक्रिलिक मिडियम घ्या. एक भाग ॲक्रिलिक रंग, चार भाग मिडियम, चार-पाच भाग पाणी. हे पाणी वाटीभर घेऊन त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब आधी मिसळा, म्हणजे पृष्ठताण मोडतो. जास्त घातलंत तर फेस येईल. मिडियमऐवजी फेविकॉल चालतो, पण तुमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत तो पुन्हा मऊ पडू शकतो. एका दिवाळीपुरते मावळे असतील तरच तो वापरा.

रंग निवडताना निव्वळ काळ्याच्या वाटेला जाऊ नका. काळ्यानं चेहरा मळका दिसतो. बर्न्ट अंबरमध्ये किंचित काळा हे मिश्रण जवळपास सगळीकडे चालतं. त्वचेसाठी तांबूस तपकिरी आणि पांढऱ्या अंगरख्यासाठी फिकट राखाडी घ्या. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा ‘डेव्हलन मड’ नावाचा तपकिरी वॉश २०१२ मध्ये बंद झाला, तेव्हा जगभरचे छांदिष्ट हळहळले. तोही असाच काळपट तपकिरी होता.

मावळे शाडूचे किंवा प्लॅस्टरचे असतील तर आणखी एक काळजी घ्या. सच्छिद्र पृष्ठभाग वॉश शोषून घेतो, मग तो खाचांत न जाता सगळीकडे डागासारखा पसरतो. म्हणून ॲक्रिलिक रंगाचा सलग थर देऊन तो पूर्ण सुकू द्या. मोठ्यांपैकी कोणाला हौस असेल तर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पाहा. सुकलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा धक्का लावत नाही, त्यामुळे उंचवट्यांवरचा जादा रंग कापसाने निवांत पुसता येतो. मला स्वतःला हीच पद्धत सर्वांत आवडते. मात्र खिडक्या उघड्या हव्यात आणि मुलं लांब.

शाईचं म्हणाल तर फाउंटन पेनची नको. तिचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, वरून दुसरा हात दिला की फुटून वर येतो, उन्हात विटतो. चहा कोऱ्या प्लॅस्टरवर डाग पाडतो, प्लॅस्टिकवर काहीच धरत नाही.

तटबंदीवर मात्र हा वॉश खर्च करू नका. तिथे गेरू, काजळी आणि पातळ फेविकॉल पुरे, आणि मातीने हे मिश्रण शोषलं तर बरंच. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी तारापूर घेतलं, तेव्हा तो कोट जुनाच होता. त्यामुळे तटाच्या पायथ्याशी ओल दाखवायला थोडा हिरवट हात जरूर द्या.